चहाच्या टेबलावरचा कबुलीजबाब

नोकरीतली बहुतेक प्रकरणे निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच सोडून आलो. एक मात्र माझ्याबरोबर घरी आले आणि अजून गेलेले नाही. काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा. लंडनच्या वायव्येला, पिनरच्या पलीकडच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होतो. ठाण्यात गोरे नसलेले आम्ही दोघेच होतो आणि दुसरा कँटीनमध्ये भांडी धूत असे.

नावे मी लिहिणार नाही. ज्यांच्यावर बेतले ते जोडपे कृष्णवर्णीय होते. दोघांचेही आईवडील वेस्ट इंडीजहून आलेले, ही दोघे इथेच वाढलेली. नवरा रेल्वेत गार्ड होता, बायको इस्पितळात वॉर्ड सिस्टर. म्हणून इथे त्यांना गार्ड आणि सिस्टर एवढेच म्हणतो. वसंत ऋतूत त्यांनी आमच्या हद्दीतल्या एका शांत रस्त्यावर घर घेतले. दोन्ही बाजूंना कापलेले गवत, धुतलेल्या गाड्या, खिडक्यांना जाळीचे पडदे. त्या रस्त्यावर राहायला आलेले ते पहिलेच कृष्णवर्णीय कुटुंब.

उन्हाळ्यात त्यांच्या पायरीवर कचरा येऊन पडू लागला. मग गाडीचे टायर फाडले गेले. मग गॅरेजच्या दारावर लाल रंगात ‘आपल्या देशात परत जा’ आणि खाली गोऱ्या कट्टरांच्या एका पक्षाची आद्याक्षरे. प्रत्येक वेळी सिस्टर ठाण्यात आली आणि प्रत्येक वेळी आमच्या डेस्कवर ‘शेजाऱ्यांचा वाद’ अशी नोंद झाली. तेव्हा तशीच पद्धत होती. वाद म्हटला की तपास लागत नाही.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी डेस्कपाशी उभा होतो. ड्यूटीवरून आलेली सिस्टर युनिफॉर्मवर कोट घालून डेस्कवरच्या शिपायाला विचारत होती, “वाद व्हायला शेजारी कोण हे तरी माहीत असायला हवं ना? मी कुणाशी वाद घातलाय तेवढं मला सांगा. मी जाऊन माफी मागते.”

शिपाई नोंदवहीची पाने उलटू लागला. आमचा सार्जंट, यॉर्कशरचा जाडजूड माणूस, आतून हे ऐकत होता. त्याने कागद माझ्या हातात दिले. “हे तू बघ. तुला जमेल त्यांच्याशी बोलायला.”

मला का जमेल हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. गार्ड कमी बोलणारा होता. त्याने मला थेट मागच्या बागेतल्या ग्रीनहाउसमध्ये नेले. घर घेण्याचे खरे कारण ते ग्रीनहाउसच होते, असे सिस्टर म्हणाली. आत रॉकेलचा छोटा हीटर, फळ्यांवर थाइम नावाच्या सुगंधी पाल्याच्या कुंड्या आणि त्यांच्याकडच्या फुगीर, जहाल मिरच्यांची झाडे. कोपऱ्यात, हीटरजवळच्या सगळ्यात उबदार जागी, एक तुळस.

मी तिच्याकडे बघतोय हे पाहून गार्ड हसला. “ही पाहुणी आहे. शेजारच्या बाईंची. त्यांच्याकडे थंडीत मरते, म्हणून माझ्याकडे ठेवायला दिली. पानं तोडायची नाहीत, अशी सक्त ताकीद आहे.”

शेजारच्या बाई म्हणजे आमच्या काकू. रक्ताच्या नात्याच्या नव्हेत, पण इथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या त्या काकूच. त्यांचे यजमान सिस्टरच्याच इस्पितळात मोठ्या हुद्द्यावरचे डॉक्टर. मी लहान असताना त्यांनी माझ्या वडिलांना इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळवून दिली होती. त्यांच्या शेजारी असे काही चालले आहे याचे मला वाईट वाटले आणि थोडा धीरही आला. शेजार चांगला आहे, असे मी त्या दोघांना सांगितले. हे वाक्य माझ्या चांगलेच लक्षात आहे.

सिस्टर म्हणाली, “हे आणखी चालू राहिलं तर मी इथे राहणार नाही. त्याला हे घर सोडवत नाही, मला इथे झोप लागत नाही. तुम्ही लवकर काहीतरी करा, नाहीतर आमचंच बिनसेल.”

पुढे दिवाळीचा कार्यक्रम आला. मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. डॉक्टर हातात चिवड्याची प्लेट घेऊन कोट टांगायच्या खुंट्यांपाशी माझ्याजवळ आले.

“काय फौजदार! कसा चाललाय तपास?”

मी फौजदार नव्हतो, पण त्यांची हाक पहिल्यापासून हीच.

“चाललाय डॉक्टर. हाती काही लागत नाही.”

“समोरच्या घरातलं कार्टं बघितलंस का? प्लंबर आहे. डोक्याचा गोटा, पायात हे एवढे बूट. व्हॅनमध्ये रंगाचे डबे असतात. मी आपलं कानावर घातलं. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस हं, शेजारीपाजारी राहायचंय.”

गोऱ्या कट्टर पोरांचा वेश तेव्हा असाच असे, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही पक्की खबर होती. जबाबदार माणूस, त्याच रस्त्यावरचा. खबर देणाऱ्याचा स्वतःचा काही संबंध आहे का, हे तपासाचे पहिले पाऊल आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते. ते पाऊल मी उचलले नाही. डॉक्टरांच्या बाबतीत तो प्रश्न मनात येण्यासारखाच नव्हता.

पहाटे आम्ही चौघे प्लंबरच्या दारात जाऊन धडकलो. त्याची आई गाउनवर जिन्यात उभी राहून ओरडत होती. आम्ही त्याचे बूट घेतले, व्हॅनमधले डबे घेतले, त्याला बेड्या घालून आणले. शेजारच्या खिडक्यांतले पडदे हलताना मी पाहिले.

मुलाखतीच्या खोलीत तेव्हा नुकतेच कॅसेट रेकॉर्डर आले होते. सुरू करताना मोठा कर्कश आवाज व्हायचा आणि तो थांबेपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. आवाज थांबल्यावर मी त्याला नियमाप्रमाणे ताकीद ऐकवली: बोलण्याची सक्ती नाही, पण जे बोलाल ते पुराव्यात येऊ शकते. मग डोक्याचे विचारले.

“केस गळतात, साहेब,” तो म्हणाला. “बापाचेही असेच गेले. उरलेले चार मी काढून टाकतो. इंग्लंडात टक्कल पडणं गुन्हा आहे का?”

“त्या जोडप्याबद्दल तुझं काय मत आहे?”

“मत? त्या बाईंचा बॉयलर बंद पडला होता तो मी चालू करून दिला. बदल्यात तिनं मिरचीच्या सॉसची बाटली दिली. माझी आई दोन घास खाऊन रडायला लागली. मत म्हणाल तर सॉसबद्दल आहे.”

सार्जंटने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले. प्लंबर आठवडाभर ब्रॅकनेलला एका कंपनीच्या नव्या इमारतीत पाइप टाकायच्या कामावर असे आणि तिथेच मुक्काम करून फक्त शनिवार-रविवार घरी येत असे. रंग लावला गेला तेव्हा तो तिथे होता. मुकादमाने फोनवर तसे सांगितले. डब्यांतला रंग पाइपांना लावायचा होता, तांबूस. गॅरेजवरचा भडक लाल होता.

सोडताना मी त्याचे बूट परत दिले. लेस बांधता बांधता तो म्हणाला, “माझं नाव कुणीतरी दिलं ना तुम्हाला? त्याचंही दार एकदा वाजवा. चौघं मिळून जा, म्हणजे त्यालाही गंमत कळेल.”

मी ते मनावर घेतले नाही. रागावलेली माणसे असे बोलतातच, हे मी स्वतःला सांगितले.

त्यानंतर काही दिवस शांततेत गेले. मग एका शनिवारी सकाळी गार्डचा फोन आला. ग्रीनहाउस फोडले होते.

मी आणि सार्जंट गेलो तेव्हा गार्ड हातमोजे घालून काचा वेचत होता. एकही तावदान शिल्लक नव्हते. हीटर आडवा पडलेला, फळ्या उपटलेल्या, मिरच्यांची झाडे मुळांसकट मातीबाहेर. रात्री गोठलेल्या दहिवराने सगळे काळे पडले होते. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. ती रडत नव्हती. ते मला जास्त कठीण वाटले.

आणि तिच्या पायांजवळ, पायरीवर, एक बादली पालथी घातलेली होती. बादलीवर तुळस. कुंडीला चीर नाही, एक फांदी मोडलेली नाही. वरून गोणपाट गुंडाळलेले, थंडी लागू नये म्हणून.

“ही तुम्ही काढून ठेवली का?” मी विचारले.

“नाही,” गार्ड म्हणाला. “सकाळी अशीच होती. देवानं एवढी तरी वाचवली.”

सार्जंट म्हणाला, “नशीबवान रोपटं.”

 त्यांना दिसत होते ते रोपटे. मला दिसत होते ते असे: जो आत आला, त्याने काठी उगारण्याआधी तुळस उचलली. ती जमिनीवर ठेवली नाही, उंचावर ठेवली. पांघरूण घातले. मग मागे वळून बाकीचे सगळे फोडले. घराला आग लागली असती तरी माझ्या आईने आधी तुळसच अशी बाहेर नेली असती. गोऱ्या कट्टरांना ते सुचणार नाही, आणि सुचेल असे घर त्या रस्त्यावर एकच होते. त्या घरात आदल्या रात्री एकच माणूस होता, कारण काकू मुलीकडे कॉव्हेंट्रीला गेलेल्या होत्या.

सार्जंटला मी म्हणालो, “शेजारी विचारून येतो.”

“येऊ बरोबर?”

“नको. ओळखीचे आहेत.”

इथून पुढचे लिहायला मला अजूनही जड जाते.

डॉक्टरांनी दार उघडले. अंगात स्वेटर, पायांत चपला. “ये ये फौजदार. काकू नाहीये, चहा मलाच करावा लागेल. बस.” स्वयंपाकघरात साखरेचा डबा त्यांना सापडेना. चार कपाटे उघडून झाली, मग मीच तो ओट्यावरून उचलून दिला. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. त्यांच्या उजव्या हाताला चिकटपट्टी होती. मी ती पाहिली आणि मी पाहिली हे त्यांनी पाहिले.

कायद्याने त्याच क्षणी मी ताकीद ऐकवायला हवी होती. संशय आला की प्रश्नाच्या आधी ताकीद, ही आमची बाराखडी. प्लंबरला मी ती झोपेतही ऐकवू शकलो असतो. पण वडिलांच्या वयाच्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेला चहा समोर ठेवलेला असताना, त्याला कायद्याचे कलम म्हणून दाखवायला माझी जीभ रेटेना. मी कपाला हात लावला आणि विचारले,

“डॉक्टर, तुळस बाहेर कुणी काढून ठेवली?”

त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली.

“किती जपते ती तिला. दर वर्षी थंडीनं मरायची. ही पहिलीच टिकली.”

“म्हणजे तुम्ही आत गेला होतात.”

“अरे, तू माझी झडती घ्यायला आलायस का?” आवाज चढला आणि तसाच खाली आला. “तू लहान होतास. आम्ही कॉव्हेंट्रीला राहायचो तेव्हा लोक आमच्या दारावर काय काय लिहून जायचे, माहितीये तुला? तेच लिहिलं मी. शब्द शोधावे लागले नाहीत.”

“पण का?”

“का म्हणजे? या रस्त्यावर लोकांनी मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं म्हणून मी काय नाही केलं? दर रविवारी गवत कापलं. नाताळात दारोदार कार्डं वाटली. फोडणीचा वास जाऊ नये म्हणून थंडी असो, उकाडा असो, खिडक्या बंद. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणायला लागले. आणि हे आले. दुसऱ्याच दिवशी पलीकडची म्हातारी मला विचारते, ‘तुमची माणसं राहायला आली वाटतं?’ माझी माणसं! सांग ना तू, ती माझी माणसं आहेत?”

“सिस्टर तुमच्याच वॉर्डात काम करते.”

“कामाला चांगली आहे. कामाला ते चांगलेच असतात. वॉर्डात मी तिला कधी एका शब्दानं बोललो नाही, विचार तिला. पण वॉर्ड वेगळा, घर वेगळं.”

त्यांनी माझ्या कपाकडे पाहिले. “घे ना, गार होतोय.”

आणि मी तो चहा प्यायलो.

ठाण्यात परतल्यावर सार्जंटने दोनच प्रश्न विचारले. “कबूल केलं?” मी हो म्हणालो. “ताकीद दिलीस?” मी नाही म्हणालो. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “चौघं घेऊन गेला असतास तर बरं झालं असतं.”

डॉक्टरांना रीतसर बोलावले तेव्हा त्यांच्याबरोबर वकील होता. रेकॉर्डरचा आवाज झाला, ताकीद झाली, आणि मग प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: “मला काही सांगायचं नाही.” बाकीचे वकीलच बोलला: हाताची जखम बागकामातली. तुळस काय, चोरानेही बाजूला ठेवली असेल. आणि चहाच्या वेळचे बोलणे? वकील नम्रपणे म्हणाला, ती घरगुती भेट होती, तपास नव्हे. कायद्याच्या भाषेत त्याचे बरोबर होते. ताकिदीशिवायचा जबाब पुराव्यात येत नाही. सरकारी वकिलांनी कागद परत पाठवले.

एक वाट उरली होती. काकू कॉव्हेंट्रीहून परतल्या होत्या. रंगाचा डबा, फाटलेले टायर, कचऱ्याच्या पिशव्या: इतके महिने त्या घरात राहून त्यांना काहीच ठाऊक नसेल हे शक्य नव्हते. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कायदा त्यांच्यावर करू शकत नव्हता, पण विचारायला मला कुणाची बंदी नव्हती. मी फाटकापाशी त्यांना गाठले. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या,

“मला विचारू नकोस रे. विचारलंस तर मला खोटं बोलता यायचं नाही.”

पोलीस अधिकाऱ्याला याहून स्पष्ट निमंत्रण मिळत नाही. आज मला वाटते, त्या मला अडवत नव्हत्याच. त्या वाट बघत होत्या. मी “बरं काकू” म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

मग मी गार्ड आणि सिस्टरकडे गेलो आणि जे झाले ते सगळे सांगितले. नियमाने मी ते सांगायला नको होते. गार्ड टेबलावरच्या टेबलक्लॉथची घडी सारखी करत राहिला. सिस्टरने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“उद्या सकाळी मला त्यांच्याबरोबर राउंड आहे,” ती म्हणाली.

मी म्हणालो, मला क्षमा करा.

“कशाबद्दल? समोरच्या पोराकडे तुम्ही पहाटे बेड्या घेऊन गेलात. डॉक्टरांकडे एकटे, चहाला. ते तुमचे आहेत, ते मला कळतं. मला फक्त एवढंच सांगा, आमचं कोण होतं त्या ठाण्यात?”

“पुरे आता,” गार्ड तिला हळूच म्हणाला.

“पुरे कसं? अरे, गोऱ्या पोरांनी केलं असतं तर मी राहिले असते. त्यांची मला शाळेपासून सवय आहे, त्यांना लांबून ओळखते मी. पण जो माणूस रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ म्हणतो त्याच्या शेजारी मी कशी झोपू?”

घर उन्हाळ्याआधी विकले गेले. सामान हलवायच्या दिवशी मी गेलो होतो. प्लंबर आणि गार्ड मिळून कपाट व्हॅनमध्ये चढवत होते. प्लंबर मला म्हणाला, “साहेब, एका टोकाला धरा, आज कुणाला पकडायचं नाहीये ना?” मी धरले. डॉक्टरांच्या घराचे पडदे ओढलेले होते. निघताना गार्डने माझा हात हातात घेतला. सिस्टर गाडीत आधीच बसली होती, तिने मान वळवली नाही.

पुढे मी बढती घेत गेलो आणि नव्या भरतीच्या मुलामुलींना शिकवायची वेळ आली. नव्वदीच्या दशकात त्यांच्यात आपल्याकडचीही मुले दिसू लागली होती, इथे जन्मलेली. त्यांना मी हे प्रकरण नावांशिवाय सांगत असे. सांगून एकच गोष्ट बजावत असे: ज्याचा तुम्हाला राग येतो त्याच्या बाबतीत नियम पाळायला कायदा तुम्हाला भाग पाडेल. ज्याचा तुम्हाला मान राखावासा वाटतो, त्याच्या बाबतीत तुम्हाला कुणी भाग पाडणार नाही. तिथे तुमचे तुम्हीच. एकदा एका मुलीने मोडक्या मराठीत विचारले, “सर, पण तुम्हाला तो चहा नको म्हणता नाही आला?” मी तिला खरे ते सांगितले. चहा नको म्हणता आला असता. मला नको म्हणायचे नव्हते. ताकीद मी विसरलो, असे मी अहवालात लिहिले होते. विसरलो नव्हतो. डॉक्टर सुटावेत असे मला वाटत होते की नव्हते, एवढे मात्र आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

गार्ड आणि सिस्टरचे ते घर कुणी घेतले, हे मला आईकडून कळले. घर विकले गेले त्याच वर्षी तिचा फोन आला.

“अरे, रविवारी वास्तुशांत आहे, येशील ना? आपल्या मंडळातलंच जोडपं आहे, नवीन डॉक्टर. जागा फार छान मिळाली त्यांना. आणि शेजारीच आपले डॉक्टर नि काकू. शेजार चांगला असला की निम्मी काळजी मिटते बघ.”

मी तिला त्या घराची सगळी हकीकत सांगितली. काही राखून ठेवले नाही.  मग ती म्हणाली, “डॉक्टरांनी तुझ्या बाबांना नोकरी लावली होती रे.” आणि जरा थांबून, “मग रविवारचं काय सांगू त्यांना?”

“आमंत्रण दिल्याबद्दल आभार सांग,” मी म्हणालो, “आणि सांग की त्यांच्याआधी तिथे जे राहत होते, त्यांना मी घालवलं.”

तिने तो निरोप दिला नाही. मला सर्दी झालीय, असे तिने सांगितले.